पिवळा इशारा आणि दहा फुटी पत्रा

"पन्नासनं काय होतंय? माझी गाडी रोज साठनं पळते."

हे वाक्य गेल्या आठवड्यात मी तीन वेळा ऐकलं. एकदा कोरेगावात, एकदा रहिमतपूरच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर आणि एकदा माझ्याच दुकानात. पाडवा झाला, ऊन तापलं, दुपारनंतर आभाळ भरून यायला लागलं. अशा दिवसांत फोनवर हवामान खात्याचा पिवळा इशारा येतो: विजांच्या कडकडाटासह पाऊस, वादळी वारे, वेग ताशी 40 ते 50 किलोमीटर. लोक तो वाचतात, गाडीच्या काट्याशी ताडून बघतात आणि फोन खिशात टाकतात.

मी साताऱ्यात पत्र्याच्या शेड बांधतो. गोठे, पोल्ट्री, गोदामं, गच्चीवरची छपरं. सतरा वर्षं झाली. हेच वाक्य एकेकाळी मीही बोललोय. ज्या नानांपाशी बोललो, त्यांचा गोठा त्याच संध्याकाळी उडाला.

तो गोठा मीच बांधला होता. तीन बाजूंनी भिंत, पुढची बाजू मोकळी, वर पन्हळी पत्रा. काम देखणं झालं होतं. नाना सकाळी म्हणाले, "टीव्हीवर वाऱ्याचं सांगत्यात, जरा बघतोस का?" मी त्यांना गाडीचं उदाहरण दिलं. त्यांनी मन राखायला मान डोलावली, पण संध्याकाळी धूळ उठली तशी शिडी लावून वळचणीवर दहा-बारा दगड ठेवले. पाऊस अजून पडायचाच होता. पहिल्या फटक्याला वळचणीचा कोपरा उचलला, दुसऱ्याला अख्खी रांग स्क्रूसकट सुटली. आणि ते दगड खाली आले. एका वासराचा मागचा पाय मोडला. नाना शिडीवरून उतरले होते म्हणून वाचले. मी रात्री पोचलो तेव्हा ते बॅटरी घेऊन वासराशेजारी बसले होते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पत्रे दोन शेतं ओलांडून उसात पडले होते. ते गोळा करायला दुसरा दिवस गेला आणि त्या दिवसभर मी एकच विचार करत होतो, की पन्नासच्या वाऱ्यानं हे कसं केलं?

त्याचं उत्तर मला हळूहळू मिळालं. थोडं जुन्या नोकरीतून, थोडं एका स्ट्रक्चरल इंजिनिअरसाहेबांकडून, बाकीचं वाचून.

आधी गाडीचं बघू. साठनं जाताना हात बाजूला काढा, तळवा समोर धरा. हात मागं ढकलला जातो ना? तेवढा रेटा एका तळहातावर आहे. दहा फुटी पत्रा सुमारे तीन चौरस मीटरचा. त्यात असे दोनशे तळहात बसतात. गाडीवर आपण वाऱ्याला फार थोडं अंग देतो, शिवाय पुढं वाकून बसतो. पत्रा मात्र पाठ रुंद करून उभा असतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट वेगाला नऊपट. इंजिनिअर लोक हिशेब करतात तो असा: सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग करायचा आणि 0.6 नं गुणायचं, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. मी तो माझ्या पत्र्याला लावून बघितला. ताशी 30 किलोमीटरला एका पत्र्यावर साधारण 13 किलोचा जोर येतो. 60 ला 51 किलो. 90 ला 115 किलो. आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचं स्वतःचं वजन किती? तेही 12-13 किलोच. म्हणजे तिशीच्या वाऱ्यातच त्याचं वजन जमेला धरण्यात अर्थ उरत नाही. त्यापुढं तो जागेवर राहतो तो फक्त स्क्रूंच्या जिवावर. नानांचे दगड पाच-पाच किलोचे होते.

हा जोर वरून खाली दाबणारा असतो असं मला वाटायचं. बहुतेकांना वाटतं. छपरावर पाऊस वरून येतो, म्हणून वाराही वरूनच येणार, असा आपला समज. पण वारा पाखावरून घसरून पुढं जाताना पत्र्याला वर ओढतो. ही ओढ मधल्या भागापेक्षा वळचणीला, आढ्याला आणि चारी कोपऱ्यांना जास्त असते. त्यात गोठा एका बाजूनं मोकळा असला आणि वारा नेमका त्या बाजूनं शिरला, तर आत कोंडलेली हवा खालून ढकलते. वरून ओढ, खालून रेटा, दोन्हींची बेरीज. नानांच्या गोठ्याची मोकळी बाजू पूर्वेला होती आणि वळीव त्या दिवशी पूर्वेकडूनच आला. मी सगळीकडं सारख्या अंतरावर स्क्रू मारले होते. दिसायला छान दिसतं ते, ओळीत.

आता झोताची गोष्ट, कारण खरी गफलत तिथं होते.

दुकान टाकायच्या आधी मी दोन पावसाळे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या साइटवर हेल्पर होतो. ठोसेघरच्या पुढं गेलं की पठार लागतं. जुलैत तिथं धुकं इतकं दाट असतं की पाती दिसत नाहीत, नुसता घूं घूं आवाज येतो. खांबाच्या आत बुंध्यापाशी कंट्रोल पॅनेल असायचं. त्याच्या पडद्यावर वाऱ्याचे दोन आकडे दिसायचे, सरासरी आणि झोत. मी तेव्हा फक्त वरचा बघायचो. एकदा सिनिअरनं मला थांबवलं. वर 14 होतं, खाली 21. "मशीन चालतं 14 वर," ते म्हणाले, "पण नट ढिला होतो 21 नं." आकडे सेकंदाला मीटरमध्ये होते, 3.6 नं गुणले की ताशी किलोमीटर होतात. म्हणजे सरासरी पन्नास आणि झोत पंचाहत्तर. एकाच वेळी, एकाच जागी.

वारा नळाच्या धारेसारखा एकसारखा वाहत नाही. जागतिक हवामान संघटनेच्या नियमाप्रमाणे वाऱ्याचा वेग म्हणून जो आकडा देतात तो दहा मिनिटांची सरासरी असते, मोकळ्या जागेत, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेली. झोत म्हणजे तीन सेकंदांची सरासरी. दहा मिनिटांत असे कितीतरी तीन-तीन सेकंदांचे तुकडे येतात, काही निवांत, काही रागीट. मोकळ्या माळावर झोत सरासरीच्या दीडपटीपर्यंत सहज जातो. झाडं, घरं, डोंगराची सोंड मध्ये आली की वारा आणखी तुटक होतो. यवतेश्वरच्या घाटात किंवा अजिंक्यताऱ्याच्या कडेला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथं क्षणात पान हलत नाही आणि क्षणात दोरीवरचे कपडे गायब होतात.

पत्र्याला सरासरीशी देणंघेणं नाही. एक झोत पुरतो. आणि झोत नुसता जोर लावत नाही, तो हलवतो. ओढतो, सोडतो, परत ओढतो. त्या हिसक्यांनी स्क्रूचं भोक मोठं होतं, खालचं रबरी वॉशर फाटतं. एक वर्ष पत्रा नुसता वाजतो. दुसऱ्या वर्षी उडतो. म्हणून "पत्रा वाजतोय" असा फोन आला की मी शक्यतो त्याच आठवड्यात जातो.

समुद्राकडच्या इशाऱ्यांत दोन्ही आकडे वेगळे असतात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा इशाऱ्यात ताशी 100 ते 110 आणि झोत 120 असं होतं. वळवाच्या इशाऱ्यात मात्र एकच आकडा येतो आणि तो वादळी, तुटक वाऱ्याचा असतो. दिवसभर एकसारखा वाहणारा पन्नासचा वारा असं चित्र डोळ्यासमोर आणू नका. दुपारभर पान हलणार नाही, जीव घुसमटेल, आणि मग पंधरा मिनिटांत सगळं उरकेल.

ते का होतं, हे कळल्यावर मला वळवाची भीती आणि कौतुक दोन्ही वाटायला लागलं. एप्रिल-मेच्या उन्हात जमीन भाजून निघते, गरम हवा वर जाते, तिला ओल मिळाली की ढग उभाच्या उभा वाढत जातो. त्यातून पाऊस पडायला लागतो तेव्हा खालची हवा कोरडी असते. बरेचसे थेंब वाटेतच आटतात. पाणी आटताना हवा थंड होते, अगदी माठातलं पाणी होतं तसं. थंड हवा जड. ती ढगाखालून कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पळत सुटते. शहाबादी फरशीवर बादली पालथी केली की पाणी कसं धावतं, तसं. म्हणून आधी धूळ येते, मग अंगाला गार वारा लागतो आणि थेंब सगळ्यात शेवटी. सगळ्यात जोराचा फटका पुष्कळदा पाऊस सुरू व्हायच्या आधीच येऊन जातो. आपण मात्र पाऊस येईपर्यंत वाळवण गोळा करत, गुरं बांधत, पत्र्यावर दगड ठेवत बाहेर असतो.

उकाड्यात एकदम गार झुळूक आली की बरं वाटतं. त्या क्षणी पत्र्यापासून आणि झाडापासून लांब व्हा, एवढं मी हात जोडून सांगतो. छपरावर तर चढूच नका. राहिलेलं राहू द्या.

रंगांबद्दल. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. साताऱ्याचा घाटाकडचा भाग खातं आता वेगळा दाखवतं, ते चांगलं झालं, कारण महाबळेश्वर आणि माण एकाच जिल्ह्यात आहेत हे पाहुण्यांना पटत नाही. तरी उरलेला जिल्हा मोठाच आहे. पिवळा रंग आल्यावर खटावात वादळ आणि कराडला कोरडं ऊन, असं होणारच. मग "काल काय झालं? काहीच नाही" असं म्हणत पुढचा पिवळा आपण सोडून देतो. माझा अनुभव असा की आमच्या भागातले बहुतेक पत्रे पिवळ्यातच उडालेत. लाल रंगाची वाट बघणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर त्याआधीच जातं. जिल्ह्याचा रंग सकाळी बघून ठेवावा आणि दुपारी खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज येतो तो बघावा. त्यात आपला जिल्हा आला की उरलेली कामं सोडून आवराआवर. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते माझ्या सगळ्या पोरांच्या फोनमध्ये मी स्वतः घालून दिलंय. लोखंडी ट्रसवर, म्हणजे छपराच्या तिकोनी सांगाड्यावर, बसलेल्या माणसाला त्याची गरज सगळ्यांत जास्त.

पण खरं काम इशारा येण्याआधीचं आहे. भारतीय मानक 875, भाग 3 मध्ये बांधकामासाठी वाऱ्याचा वेग किती धरायचा ते दिलंय. पुण्यासाठी तो सेकंदाला 39 मीटर आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर, आणि तोही तीन सेकंदांच्या झोताचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पन्नासच्या गप्पा आठवून मला रात्री झोप लागली नाही. आता वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही कडांना प्रत्येक पन्हळीच्या माथ्यावर स्क्रू मारतो, मध्ये एकाआड एक. कडेच्या पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या, जवळ घेतो. पत्रा पर्लिनला, पर्लिन ट्रसला, ट्रस खांबाला आणि खांब पायाला, अशी ती ओढ जमिनीत पोचली पाहिजे. मध्ये एक वेल्ड कच्चा राहिला तर बाकीचं सगळं फुकट. गिऱ्हाईक म्हणतं स्क्रू कमी करा, पैसे वाचतील. एका शेडला जास्तीचे स्क्रू लागून किती लागणार? एका पत्र्याच्या किमतीएवढेसुद्धा नाहीत.

फोनवर अजून एक आकडा असतो, तापमानाखाली बारीक अक्षरात. "असं वाटतं" अमुक अंश. त्याचा अर्थही मी कामातच शिकलो.

दोन हिवाळ्यांपूर्वी भिलारला स्ट्रॉबेरीच्या पॅकिंग शेडचं काम होतं. पहाटे पाचला साताऱ्याहून निघायचं, वाई, मग पसरणीचा घाट, पाचगणी. वर फोन 10 अंश दाखवायचा. दहा अंश म्हणजे काही फार नाही, स्वेटरात निभतं. पण गाडी पन्नासनं जाते तेव्हा अंगावर पन्नासचा वारा असतो, मग झाडाचं पान हलत नसलं तरी. आपल्या अंगाभोवती आपल्याच उबेचा पातळ थर असतो. वारा तो सतत खरवडून नेतो, अंग नवा तयार करतं, वारा तोही नेतो. अमेरिका आणि कॅनडानं 2001 मध्ये याचं एक सूत्र ठरवलं. 10 अंशाला आणि ताशी 50 च्या वाऱ्याला ते साडेपाच अंश सांगतं. उघड्या कातडीची ऊब साडेपाच अंशाच्या जवळजवळ स्थिर हवेत जेवढ्या भरभर जाईल, तेवढ्या भरभर ती जाते. या कल्पनेची सुरुवात अंटार्क्टिकात झाली. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी 1940 च्या सुमारास पाण्यानं भरलेली नळी वाऱ्यात टांगून ते किती वेळात गोठतं याची मापं घेतली होती. आमच्याकडं तसली थंडी नाही, आणि हे सूत्र लागूच होतं ते 10 अंश आणि त्याखाली. म्हणजे आपण त्याच्या उंबऱ्यावर उभे.

पण उंबऱ्यावरही बोटं बधिर होतात. भिलारला पहिल्या सकाळी पोचल्या पोचल्या मी पोरांना वर चढवलं. अर्ध्या तासात एकाच्या हातून ड्रिल निसटलं. ते धरायला तो झुकला आणि कंबरेचा पट्टा लावलेला होता म्हणून लटकला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. त्याला वाटलं होतं मशीन घट्ट धरलंय, बोटांना कळतच नव्हतं. त्या दिवसापासून डोंगरावर नऊच्या आधी कुणी वर जात नाही. आधी शेकोटी, चहा, हात गरम, हातमोजे, मग काम. मालक कुरकुरले तर कुरकुरू देत.

तिथल्या बायका वेण्णा लेककडच्या रानातलं सांगायच्या. दवाचे हिमकण होतात, गवत पांढरं होतं, गाड्यांच्या टपावर पापुद्रा धरतो. मी म्हटलं, मग वाऱ्याच्या दिवशी तर जास्तच होत असेल. त्या म्हणाल्या, "न्हाई ओ दादा, वारं सुटलं की गोठत न्हाई. गप्प रात असली की बघा." मला आधी पटेना. नंतर कळलं की त्यांचंच बरोबर. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडं सोडते, थंड हवा तळ्याकाठच्या सखल जागेत साचते आणि गवताचं पातं हवेपेक्षाही गार होतं. वारा असेल तर वरची उबदार हवा खाली मिसळते आणि ते टळतं. आणि ते "असं वाटतं" फक्त जिवंत, उबदार अंगासाठी असतं. पत्रा, गाडी, पाण्याची टाकी यांना वारा लवकर थंड करेल, पण हवेच्या तापमानाखाली नेणार नाही.

ओल्या अंगाचं मात्र वेगळं. पावसाळ्यात कासला जाणारी कॉलेजची पोरं वीस अंशातही ओठ निळे करून परत येतात. भिजलेला शर्ट, वर वारा, माठाचाच प्रकार. सूत्रात हे येत नाही. डिकीत एक कोरडा टी-शर्ट ठेवावा.

नानांचा गोठा मी दुसऱ्यांदा बांधून दिला, मजुरी न घेता. मोकळ्या बाजूला अर्ध्यापर्यंत विटांची जाळी घातली आणि समोरच्या भिंतीत वर झरोके ठेवले, म्हणजे शिरलेला वारा कोंडणार नाही. ते वासरू लंगडतच मोठं झालं, पुढं तीन वेतं दिली. नाना आता पंच्याहत्तरीला आलेत. पिवळा इशारा आला की माझ्याआधी त्यांना कळतो. आज दुपारीही फोन आला. "पिवळा हाय. पाना घिऊन ये उद्या सकाळी, आढ्याचं दोन स्क्रू मला ढिलं दिसत्यात."

साडेसातला जायचंय, दुपारच्या आत उतरायला हवं.